गुलाबाच्या वासाखाली

प्रिय धाकटे,

फोनच करणार होते. पण फोनवर मी ओरडते, तू रडतेस आणि मुद्द्याचं राहूनच जातं, म्हणून लिहितेय. सामान बांधून झालं का गं? घरमालकाला किल्ली दिलीस? दिलीच असशील. दादाने बेकरीखालच्या तळघरातली खोली तुला आणि छकुलीला देऊ केली, तेव्हा तू त्याचं किती कौतुक केलंस! मीही केलं. नवऱ्याचं घर सोडून भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बहिणीला भाऊ आसरा देतोय म्हटल्यावर मलाही भरून आलं होतं. आता ते आठवलं तरी शिसारी येते.

परवा त्याच खोलीत तुझी गादी घालायला गेले. दारातच गुलाबाचा वास नाकात घुसला. स्वस्तातला, गोडमिट्ट, घशाशी येणारा. वहिनी म्हणाली, यांनीच सकाळ-संध्याकाळ फवारायला सांगितलंय. तिचे डोळे लाल झालेले, डोकं ठणकत होतं. दादाच्या मते ही सगळी कामं टाळायची नाटकं. गादी पसरायला गुडघ्यांवर बसले मात्र, आणि गुलाबाच्या खालून दुसराच वास आला. सडक्या अंड्यांचा. उभी राहिले की गुलाब, वाकले की अंडी. गॅस एजन्सीत तक्रारींचे फोन घेण्यात माझा जन्म गेला, त्या वासाची ओळख मला कोणी करून द्यायला नको. अगं, सिलिंडरातल्या गॅसला मुळात वासच नसतो. गळती कळावी म्हणून ती घाण मुद्दाम मिसळतात. आणि हा गॅस हवेपेक्षा जड. वर उडून जात नाही, पाण्यासारखा उताराकडे येतो आणि जमिनीलगत साचून राहतो. नेमका तिथे, जिथे तुझी छकुली दिवसभर रांगणार होती.

दादाला विचारलं, तर मोठ्या फुशारकीने सांगायला लागला. वर गिऱ्हाइकं वासाची कुरकुर करत होती, म्हणून पठ्ठ्याने सिलिंडरच तळघरात, जिन्याखाली आणून ठेवले. वरचा वास गेला, कटकट मिटली! नळीच्या जोडाला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले, तर याने काय करावं? साबणाची वडी मळून तिथे थापली आणि वरून चिंधी गुंडाळली. साबण गळती शोधायला असतो रे बाबा, बुजवायला नव्हे! केस चिकटलेला तो मळका गोळा बघून मला ओकारीच यायची बाकी होती. मी सांगितलं, आधी सिलिंडर बंद कर, दार सताड उघड, बटणाला हात लावू नकोस. तर हसला. आणि मला दाखवायला दिव्याचं बटण टकटक खालीवर करत राहिला, बघ काही होतंय का म्हणून. वर झरोका आहे की, म्हणे! जड गॅस काय शिडी लावून झरोक्यातून बाहेर जाणार आहे? शी!

पण खरी किळस पुढेच आहे. जिन्यात वहिनीने माझ्या कानात सांगितलं. त्या खोलीत आधी यांचीच मुलं झोपायची. वास यायला लागला तसं दादाने त्यांना वरच्या मजल्यावर हलवलं. खोली रिकामी झाली ती अशी. मग त्याला तुझी आठवण आली. आपल्या पाठच्या बहिणीची! त्याचं तोंडही बघू नये असं वाटलं मला.

सिलिंडरांचे खटके मी स्वतः बंद केले, वहिनीला हाताला धरून बाहेर काढलं आणि रस्त्यावरून माझ्याच ऑफिसला फोन लावला. तक्रार माझ्या नावाने दिली. माणसं आली, सिलिंडर घेऊन गेली, बेकरीला कुलूप लागलं. दादा म्हणतो, मी त्याच्या तोंडचा घास काढला. तुलाही त्याचा फोन येईल, ताईने जळफळाटाने तुझं छप्पर घालवलं म्हणून. जळफळाट खोटा, छप्पर मात्र मीच घालवलं. हे त्याच्या तोंडून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं, म्हणून हा सगळा खटाटोप. माझी एकच खोली आहे, मी घोरते, आणि छकुलीला उचलून घ्यायचं तर माझी कंबर ओरडते. रागाव, भांड, हवं तर वर्षभर माझ्याशी बोलू नकोस. पण न बोलायला माझ्याच घरी ये.

तुझीच,
ताई