लुकलुकतं बोंड

॥ श्री ॥
अकोला, २१ नोव्हेंबर १९६१

चि. उत्तम यास जमुनाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

भाऊबीजेला ओवाळून घेतलंस, भिंतीवर सिनेमा दाखवलास आणि अनारसे न घेताच एस.टी. गाठलीस. एवढी कसली घाई रे? तुझा फोटो स्टुडिओ काही राजापेठेतून पळून जात नव्हता! तुझ्या वाटचे अनारसे मीच खाल्ले.

इकडे मात्र सासऱ्यांची, आमच्या मामाजींची, काळजी लागली आहे. पोळ्यानंतर मोतीबिंदू काढला, दिवाळीत चष्मा लागला, तेव्हा माणूस किती खुलला होता! जन्मभर कापूस पिकवला पण बोंड फुटताना कधी पाहिलं नाही, नव्या डोळ्यानं तेच पाहीन, म्हणून त्यांनीच कपाशीचं झाड आधीच मातीसकट खणून तुला दिलं होतं. पण तू त्या बोंडाचा सिनेमा दाखवल्यापासून ते शेतात गेलेच नाहीत. खोदून विचारलं तर म्हणतात, सगळ्यांले बराबर दिसलं, मलेच उजेड-अंधार होऊन राहिला होता, डोळा गेला. डॉक्टरकडे चला म्हटलं तर हलत नाहीत. संक्रांतीनंतर शेत शेजारच्या नत्थुजीला मक्त्यानं द्यायचं बोलतात. शेत गेलं तर हा माणूस जगायचा नाही रे.

लोभ करतोसच, कधी पत्रातही दिसू दे.
तुझी ताई

॥ श्री ॥
अमरावती, २४ नोव्हेंबर १९६१

ती. सौ. ताईस उत्तमचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचलं आणि स्टुडिओचं दार लावून बसलो. ताई, मामाजींचा डोळा चांगला आहे. लुकलुकत होतं ते माझं चित्र.

आठवडाभर दिवसा दर पाच मिनिटांनी एकेक चित्र घ्यायचं आणि मग सगळी भरभर पळवायची, म्हणजे बोंड डोळ्यांदेखत फुटतं. झाड खिडकीपाशी ठेवलं होतं. ढग आला की मी भिंगाचं तोंड मोठं करायचो, ऊन पडलं की बारीक. आम्हा फोटोवाल्यांची खोडच ती, समोरचा चेहरा दरवेळी उजळ आला पाहिजे! एकेक चित्र सुटं पाहिलं तर झकास. पण पळवली की शेजारच्याशी एकही जुळेना. एक काळं, एक गोरं.

सिनेमाचं मशीन फिरवायला लागलो तेव्हाच मला कळलं होतं. मामाजींनी विचारलं, उजेड कमीजास्त होऊन राहिला काय? भाऊजींसमोर, तुझ्या सासूबाईंसमोर फजिती नको म्हणून मी चक्क नाही म्हणालो. आणि पळालो. लाज वाटते ग, फार लाज वाटते. तूच त्यांना सांग. मला तोंड दाखवायची हिंमत नाही.

माया करतेस, तिला मी लायक नाही, तरी करत राहा.
उत्तम

॥ श्री ॥
अकोला, २९ नोव्हेंबर १९६१

चि. उत्तम यास आशीर्वाद. वि. वि.

सांगितलं. मामाजी हसले आणि म्हणाले, पोरी, तुमी दोघं बहीणभाऊ माही समजूत घालून राहिले. मग हे बोलले, सासूबाई बोलल्या. तर म्हणतात, तवा सगळ्यांनी छान म्हनलं, आता काहून बदलले?

खरंच आहे त्यांचं. लुकलुक आम्हा सगळ्यांनाच दिसली होती. सासूबाईंचे तर डोळे चुरचुरले, पदरानं पुसत होत्या. पण सुनेच्या माहेरच्या पाहुण्याला नावं कशी ठेवायची? आणि छान म्हणणारी पहिली मीच होते, सासरी तुझा पाणउतारा नको म्हणून. तेव्हा लाजेत आम्हीही वाटेकरी आहोत. आता आमचं बोलणं कुणी ऐकत नाही, चित्रच दाखवावं लागेल. यांच्याबरोबर दुसरं झाड पाठवते. लाजून लपून बसलास तर मी येऊन तुझ्या दुकानात ठाण मांडीन!

तुझी ताई

॥ श्री ॥
अमरावती, ८ जानेवारी १९६२

ती. सौ. ताईस शि. सा. नमस्कार. वि. वि.

जमलं बहुतेक. खिडकीला घोंगडी ठोकली, आत एकच दिवा. भिंगाचं तोंड लहानमोठं करणारी कडी लाखेनं चिकटवून टाकली, माझाच हात पुन्हा तिकडे जाऊ नये म्हणून. तरीही पहिली फिल्म लुकलुकलीच. संध्याकाळी बाजारातले दिवे लागले की वीज कमी पडून माझा मंद व्हायचा. मग मोटारीची बॅटरी आणून मोटारीचाच दिवा तिच्यावर जोडला. पांढऱ्या सदऱ्याचा उजेड झाडावर पडतो असं वाटलं, तेव्हापासून रोज अंगात काळा कोट. गिऱ्हाइकं विचारतात, कोर्टात लागलात काय?

संक्रांतीला येतो. जुनी फिल्मही आणतो, आधी तीच दाखवीन. भीती वाटते.

ताई, मला सांभाळून घे.
उत्तम

॥ श्री ॥
अकोला, १७ जानेवारी १९६२

चि. उत्तम यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू मशीनमागे मान खाली घालून होतास आणि सकाळी पहिल्या गाडीनं गेलास. म्हणून तुला न दिसलेलं लिहिते.

जुनी फिल्म लागली तेव्हा मामाजींनी माझा हात धरला होता. लुकलुक सुरू झाली तशी एकेकाला विचारलं, दिसून राहिलं काय? या वेळी सगळ्यांनी खरं सांगितलं. मग नवी लागली. बोंड तडकलं, पाकळ्या मागे वळल्या, कापूस हळूहळू बाहेर आला, आणि उजेड जागचा हलला नाही. मामाजींनी चष्मा काढून पुसला, परत लावला. आम्हा सगळ्यांच्या ओठांवर छान आलं होतं रे, पण म्हणायचं कोणत्या तोंडानं? शेवटी मामाजीच म्हणाले, छान.

तू गेल्यावर नत्थुजी आला. त्याला चहा पाजला आणि शेत द्यायचं नाही म्हणून सांगितलं. मग काठी घेऊन निघाले. उंबऱ्यात थांबून मला म्हणाले, उत्तमरावले लिही, तुह्या पिच्चरनं मले आंधळं नाही केलं, तुमच्या सगळ्यांच्या छान-छाननं केलं. मी मान वर करू शकले नाही.

पण शेतात गेले बरं का. एकटेच गेले.

लोभ आहेच. काही खटकलं तर तेही लिहीत जा, मीही लिहीन.
तुझी जमुनाताई