सोमवारच्या फुल्या

अण्णा, तुमचा तो निळा पेन अजून माझ्याकडे आहे. आज त्याची रिफिल बदलली आणि त्यानंच तुम्हाला लिहायला बसलेय. आधी माझं काम सांगते, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते आणि असली नोकरी असते हे आपल्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. जिल्ह्याच्या गावी एक मध्यम आकाराचा दवाखाना आहे, तिथं कॅन्सरच्या औषधांची चाचणी चालते. घाबरू नका, उंदीर-सशांसारखं काही नाही. औषध जुनंच, माहितीतलं. ते कमी मात्रेत दिलं तरी तेवढंच लागू पडतं का, एवढंच बघायचं. पेशंटला सगळं समजावून सांगायचं, त्याच्या हातात एक वही द्यायची, त्यानं रोज गोळी घेतली की त्या दिवसाच्या रकान्यात फुली मारायची, आणि महिन्यानं ती वही नि गोळ्यांची रिकामी पाकिटं मी तपासायची. तुम्ही पाऊस मोजायचात, मी गोळ्या मोजते, म्हणा ना.

तुम्ही गावचे कोतवाल, आणि चावडीमागच्या कुंपणातलं पाऊस मोजायचं यंत्र तुमच्या ताब्यात. वर नरसाळं, खाली बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, वाकून डोळा पाण्याच्या बराबर आणायचा, आकडा वहीत लिहायचा आणि पाणी लिंबाच्या बुडाशी फेकून बाटली रिकामी करून ठेवायची. एकदा तुम्ही मयतीला आखाडा बाळापूरला गेलात आणि एक दिवस तिथंच अडकलात. त्या दिवसाचा रकाना रिकामा राहिला. वरून फोन आला, मी तिथंच उभी होते. पलीकडचा माणूस एवढा ओरडत होता की मलाही ऐकू येत होतं, "अहो, शून्य टाका की! कोण बघतंय?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "सायेब, शून्य म्हंजे पाऊस न्हाई पडला. रिकामं म्हंजे मी गेलो न्हाई. या दोनात लय फरक हाय." आई कपाळाला हात लावून म्हणाली, "काहून वाद घालून राहिले? पाऊस काय तुमच्या बापाचा हाय का?" आम्ही दोघी हसलो, तुम्ही नाही हसलात.

तर माझ्याकडे हट्टा गावाकडची एक मावशी येते. साठीची, छातीत गाठ. या गोळ्या सुरू झाल्यापासून गाठ बसत चालली आहे, त्यामुळं मावशी खूश, डॉक्टर खूश, मीही खूश. तिची वही तर अशी की सगळ्यांना दाखवावी, एकही रकाना मोकळा नाही. तीन महिने झाले आणि दहा-बारा दिवसांपूर्वी तिनं पिशवीतून हिंगाची डबी काढून माझ्यापुढं ठेवली. आत बारा गोळ्या. "ह्या उरल्या बघ माय. तुमच्याकडं एखादं गरीब आसल तं द्या त्याला."

मी म्हटलं, "मावशी, उरल्या कशा? वहीत तर रोजची फुली आहे."

"सोमवारच्या हायेत त्या. तूच म्हणली ना, जेवल्याबिगर घ्यायची न्हाई? सोमवारी माझा नागनाथाचा उपास. जेवतच न्हाई, तं गोळी कशी घेऊ?"

अगं बाई! मी डोकंच धरलं. तंबाखू विचारली होती, चहा विचारला होता, बाकीची औषधं विचारली होती, उपास विचारायचा राहिला. औंढ्याच्या एवढ्या जवळ राहून! आणि मी स्वतः श्रावणातले सोमवार करते. चूक तिची नव्हतीच, मी सांगितलं तेच तिनं अक्षरशः पाळलं होतं.

"मग फुली काहून मारली?"

"रकाना रिकामा दिसला तं तुला सायेब बोलतील. माझ्यापायी लेकराला बोलणं नको." मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मग मी पेन उचलला तशी ती घाबरली. माझा हात धरून म्हणाली, "मला काढून टाकतेन का गं? गाठ बसून राहिली, आता नको काढू माय. राहू दे त्या फुल्या. कोण बघतंय?"

खरं सांगते अण्णा, मलाही मोह झाला. राहू द्याव्यात असंच वाटत होतं. पण ही गोळी किती घेतली तर किती गुण येतो, हे पुढं कितीतरी बायकांसाठी या वह्यांवरूनच ठरणार. तिच्या मायेच्या बारा फुल्यांनी दुसऱ्या कुणाची तरी मात्रा चुकली असती. मी उठले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं, माझी चूक आधी सांगितली. त्यांनी वर कळवलं. उत्तर यायला आठवडा लागला आणि त्या आठवड्यात मावशीचा रोज एक फोन, "आलं का गं काही?" मला जेवण गोड लागेना. शेवटी उत्तर आलं: बाईला चालू ठेवा, जे झालं ते जसंच्या तसं लिहा. मी फोनवर सांगितलं तर ती एवढ्या मोठ्यानं "नागनाथा!" म्हणाली की बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

आज ती आली. सोमवारी भगर खाऊन गोळी घ्यायची, असं मी सुचवलं होतं. "देवाला इचारून सांगते" म्हणाली होती, आज आल्या आल्या सांगितलं, "व्हय म्हणला." मग आम्ही वही उघडली. रबरानं खोडून टाक, घाण दिसून राहिलं, असं तिचं चाललेलं. मी म्हटलं, "मावशी, खोडायचं नाही. एक रेघ मारायची, बाजूला खरं लिहायचं, सही करायची." आणि बोलता बोलता थांबले. ते वाक्य माझं नव्हतं.

तुम्हाला ताप आला होता. मी अकरा वर्षांची. "आज तू जा, डोळा बराबर ठेव," म्हणालात. रात्री पाऊस झाला होता, आणि चावडीच्या वाटेवर तो मारका गोऱ्हा सुटलेला. मी अर्ध्या वाटेतून माघारी आले आणि वहीत लिहिलं, सात पूर्णांक दोन. ते दोन मुद्दाम लिहिलं, खरं वाटावं म्हणून. दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि तुम्हीच गेलात. रात्र कोरडी गेली होती, तरी बाटलीत पाणी असणारच, आदल्या दिवशीचं कुणी ओतलंच नव्हतं. घरी येऊन तुम्ही रागावला नाहीत. वही माझ्यापुढं उघडी ठेवलीत, खिशातला पेन माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "चुकलं तं खोडायचं न्हाई बाई. एक रेघ मारायची, बाजूला खरं लिवायचं, सही करायची." आणि आंघोळीला गेलात. मला वाटलं, पेन बक्षीस मिळाला. तो घेऊन मी शाळेत मिरवायला पळाले. संध्याकाळी वही तशीच उघडी होती, ती तुम्ही मिटून ठेवलीत. पेन परत मागितला नाहीत.

त्या पेनानं आजवर मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. आई सगळ्यांना सांगायची, पोरीनं बापाची आठवण जपलीय.

मावशीनं बारा रेघांपुढं बारा सह्या केल्या, वाकड्यातिकड्या, आणि हसत हसत बस पकडायला गेली. हे पत्र काही कुठं जायचं नाही, ड्रॉवरमध्येच राहील. तरी एक राहिलंय. वर मी लिहिलंय की मला ते बक्षीस वाटलं. अण्णा, तसं नव्हतं. पेन कशासाठी दिलात, ते मला तेव्हाच कळलं होतं. ते वाक्य मी खोडत नाही. त्याच्यावर एक रेघ मारते, बाजूला हे लिहिते, आणि सही करते.