मांडवगणच्या स्टँडवरची सासू

१८ मार्च, बुधवार. होसूर, तामिळनाडू

सेकंड शिफ्ट. प्रेसवर डाय अडकली, सुप.चं, म्हणजे सुपरवायझरचं, डोकं फिरलं, आमचंही. उद्या पाडवा. इथल्या लोकांचाही उद्या सण, उगादी म्हणतात. आम्हा कंत्राटवाल्यांना ड्यूटीच.

जेवताना ताईचा फोन. तळेगाव ढमढेऱ्याहून. एक स्थळ काढलंय तिनं. मांडवगणची पोरगी, शीतल नाव, बारावी झालीय, दौंडला पार्लरमध्ये कामाला. बापाची पिठाची गिरणी, स्टँडच्या समोरच. आपल्या यात्रेला त्यांना जेवायला बोलावलंय. पोळ्या खायच्या आन् खाता खाता पोरगा बघायचा, असा बेत.

मग आवाज बारीक करून, "नवन्या, ऐक. यंदा लुगडं न्हाई. सासूचं नाव जरी काढलंस ना, मी वाडीत पाय ठेवणार न्हाई."

मागचं स्थळ तसंच गेलं. पाहुणे भारुडाला बसले आणि मी नऊवारी नेसून, सासू होऊन, सुनेला झाडतोय. सकाळी निरोप आला, नाच्याला पोरगी देत नाही. अरे पण मी नाचत कुठं होतो? भांडत होतो.

१९ मार्च, पाडवा

इथं गुढी नाही. रूममधल्या मनोजभय्यानं खिचडी केली, त्यात गूळ टाकला, म्हणला त्योहार है.

किसन आबांचा फोन. आबा म्हणजे आमच्या सोंगी भारुडाचे म्होरके. पखवाज त्यांचा, शिव्याही त्यांच्याच. "यात्रा वद्य अष्टमीला हाय. सुट्टी टाक. सासूशिवाय सुनेला कोण इचारतंय."

सांगून टाकलं, आबा, यंदा नको. ताईनं स्थळ बघितलंय.

आबांनी टीव्ही बंद केला. मग, "बरं बाबा. तुझं लग्न व्हऊ दे. सुनेलाबी बसवू घरी." आणि ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

धोंडूमामा सासू करायचे, त्यांचे गुडघे गेले, तवा आबांनी मला उभं केलं. सहावीत होतो. आठवीत शाळा सुटली. कितीतरी कामं धरली आन् सोडली, रांजणगाव, चाकण, आता हे. कुठं टिकून बसायचा माझा स्वभाव नाही. लुगडं मात्र...

२३ मार्च

दिल्याच्या शिव्या. तो सून करतो. "तू न्हाईस तर मी कुणाच्या नावानं रडू रं? मोकळ्या स्टेजवर?" मी म्हणलो दुसरा बघ. म्हणला, "बघतो तुला आता." आणि हसला. दिल्या हसला की काहीतरी वाकडं असतं.

सुट्टी मागितली. सुप. म्हणला कौन मरा? कोई नहीं मरा, गाँव की यात्रा है. तो अगले महीने जाओ. म्हणलो, देव अगले महीने नहीं रुकेगा. त्याला हे पटलं. तोही देवाचाच माणूस, कपाळावर भस्म असतं. सुट्टी मिळाली. स्थळासाठी जायचं, भारुडासाठी नाही. हे स्वतःलाच दोनदा सांगितलं.

२८ मार्च, शनिवार

मेलो.

ग्रुपवर फ्लेक्सचा फोटो. सगळ्यात वर देव. बाजूला सरपंच, भजनी मंडळ, लेझीमची पोरं, कुस्त्यांचा हगामा, महिलांची रांगोळी. आमच्याकडं ज्याचा फोटो फ्लेक्सवर नाही त्याचं तोंड वर्षभर वाकडं, म्हणून सगळी डोकी दाटीवाटीनं बसवलीत. आणि मधोमध मी. नऊवारी, नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, कमरेवर हात. सरपंचाच्या दुप्पट. खाली 'वाडीची सासू यंदाही सोडणार नाही!' त्याखाली माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

दिल्याला फोन. दिल्या शांत.

"मुद्दामच छापला. देवाच्या फ्लेक्सवर तोंड लागलं की माघारी फिरता येत न्हाई, ठाऊक हाय ना तुला? आता ये गपगुमान."

खरंय ते. फ्लेक्सवर नाव आलं आणि माणूस आला नाही, तर त्याच्या घरच्यांना सगळे विचारत बसतात, आजारी हाय का, भांडण झालं का.

म्हणलो, वाडीत लावलास तर लाव बाबा. म्हणला, "वाडीत एक आन् मांडवगणला एक. स्टँडवर. बाजाराला लई पब्लिक असतं."

स्टँडवर कुठं?

"गिरणीसमोर."

२९ मार्च

ताईचा फोन. आधी रडली, मग दिल्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला, मग पुन्हा रडली. "बापाच्या तोंडासमोर टांगलाय तुला! दळण टाकायला येणारी प्रत्येक बाई तुला बघून जाती!"

दिल्याला स्थळ कुठलं ते कुणी सांगितलंच नव्हतं. ताईनंच सगळ्यांना गप्प ठेवलेलं, दृष्ट लागंल म्हणून. आता सांगितलं तर त्याचाही चेहरा पडला. म्हणला, जातो, काढतो लगेच.

संध्याकाळी त्याचा फोन. शिडी लावून वर चढला, दोरी सोडायला लागला, तेवढ्यात गिरणीतून आप्पा बाहेर आले. आप्पा म्हणजे पोरीचे वडील. भुवयांवर पीठ.

"का काढतुयास रं?"

दिल्या म्हणला, चुकून लागलाय आप्पा.

"चुकून? त्यावर देव हाय. यात्रा व्हायच्या आत काढत न्हाईत. उतर खाली."

हा उतरला. आप्पांनी दुसरी दोरी आणली आणि वारं लागून फडफडत होता तो कोपरा स्वतः घट्ट बांधला. म्हणे जाताना एकदा वर बघितलं. माझ्याकडं की देवाकडं, ते दिल्याला कळलं नाही.

झोप नाही.

१ एप्रिल

ताई म्हणते पाहुण्यांचा होकारही नाही, नकारही नाही. फोन केला तर म्हणतात येतो की यात्रेला. मनोजभय्याला सगळं सांगितलं, फ्लेक्सही दाखवला. भय्यानं फोटो मोठा करून बघितला. म्हणला, "भाई, इसकी शादी पहले हो जाएगी." सगळी रूम हसली. मला हसू आलं नाही.

आलं थोडं.

२ एप्रिल, गुरुवार. पौर्णिमा

दुपारी अनोळखी नंबर. लोनवाले असतील म्हणून जवळजवळ कट करणार होतो.

"फ्लेक्सवरची सासू बोलतीय का?"

बाईचा आवाज. कोण म्हणून विचारलं.

"गिरणीवाल्यांची शीतल. ताईंकडनं नंबर घेतला. त्यांना सांगू नका मी काय बोलले ते."

प्रेसचा आवाज नको म्हणून बाहेर पार्किंगमध्ये गेलो.

"एक विचारायचं होतं. तोंडाला एवढं फाउंडेशन आणि हात तसेच काळे? कुणी केला तो मेकप?"

म्हणलो, दिल्यानं.

"दिसतंय. सासू गोरी आणि हात ड्रायव्हरचे."

मी हसलो. लई दिवसांनी असं पोटातून. मग धीर करून विचारलं, तुम्हाला काही वाटलं नाही का? लोक नाच्या म्हणतात.

"आधी वाटलं. खोटं कशाला बोलू. मैत्रिणी चिडवायला लागल्या, तुझी सासू बघ किती मोठी. मग आईनं मागच्या भारुडाचा व्हिडिओ काढला कुठून तरी. सुनेचं ध्यान मोबाईलात, चहातली साखर मोबाईलला पाजती म्हणता, तो. आई हसून हसून खाली बसली." मग स्वतःही हसली. "तुमच्या ताई म्हणत होत्या मुलगा लई शांत हाय, कुणाशी बोलत न्हाई. मी म्हणलं असला नको बाई, दिवसभर भिंतीशी बोलू काय?"

आप्पा काय म्हणाले, विचारलं. म्हणली, "त्यांचं मलाबी कळत न्हाई. ते गिरणीच्या आवाजात राहून कमी बोलतात. सकाळी शटर उघडलं की एकदा फ्लेक्सकडं बघतात, एवढंच." मग पार्लरमध्ये कुणीतरी हाक मारली, ठेवला.

पार्किंगमध्ये नुसता उभा राहिलो. सिक्युरिटीवाला म्हणला क्या हुआ. काही नाही म्हणलो. पाठीवरचं पोतं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं.

३ एप्रिल

आबांना फोन. आबा, सासू करतो.

"मग? म्या काय दुसरी बघितली व्हती? लुगडं धुऊन वाळवलंय कवाच." आणि मग शिव्या सुरू. पाडव्याच्या राहिलेल्या, सगळ्या. कान भरून ऐकल्या.

ताईला सांगितलं. ती म्हणली, "कर, बुडव." पण आवाजात पहिल्यासारखा जोर नव्हता. शेवटी म्हणाली, "निदान दुपारी तरी माणसासारखा राहा."

५ एप्रिल

रूमवर तालीम. सून मनोजभय्या. त्याला मराठी येत नाही, मी मराठीत झाडतो, तो भोजपुरीत उलटून बोलतो. त्यानं घरी व्हिडिओ कॉल लावला. तिकडं त्याची बायको, आई, शेजारणी सगळ्या गोळा. त्याची आई म्हणली ये बुढिया तो हमारे गाँव की है.

बोलता बोलता दोन नव्या ओळी सुचल्या. आबांना आवडतील का बघू.

९ एप्रिल, गुरुवार. वाडी

गाडी दौंडला दुपारी. उतरल्या उतरल्या ऊन तोंडावर. जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली, मांडीवर कुणाचं तरी पोरगं आन् एक कोंबडी.

मांडवगणला जीप थांबली आणि समोर मी. एवढा मोठा मी मला कधी बघितला नव्हता. वाऱ्यानं मधे घडी पडलीय, माझी नथ सरपंचाच्या गालावर गेलीय.

पाणी प्यायला उतरलो ती चूकच. गिरणीच्या पायरीवरून आवाज, "कुठलं पाव्हणं?"

वाडीचा, म्हणलो.

"यात्रंला आलाय जणू. ही सासू कोण करतंय वो तुमच्याकडं?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, मीच.

आप्पांनी वर फ्लेक्सकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत वर. "मागल्या साली दळणाची ओवी मधीच सोडलीसा."

लाईट गेली होती, म्हणलो.

"लाईट गेली म्हणून ओवी जाती व्हय? आम्ही बसून व्हतो की अंधारात. पार आबांनी उठवलं तवर."

ताई म्हणते पाहुणे लुगडं बघून पळतात. हे अंधारात बसून होते.

"यंदा पुरी करा," म्हणले, आणि खांद्यावर थाप मारली. शर्टावर पिठाचा पंजा उठला. नाव विचारलं नाही, पोरीचा विषय नाही. विचारायच्या आधीच मी कोण ते त्यांना ठाऊक होतं का नाही, हे मला अजून कळत नाही. पण जीपमध्ये बसलो तरी शर्ट झटकला नाही.

१० एप्रिल, शुक्रवार. यात्रा

दुपारी पाहुणे आले. आप्पा, त्यांची मंडळी, शीतल. आप्पांनी मला बघितलं, काल भेटल्यासारखं काहीच दाखवलं नाही. पोळीवर तूप मागून घेतलं. ताई म्हणत होती पोरगं शांत हाय, कष्टाळू हाय. शांत म्हणल्यावर शीतलला ठसका लागला. पाणी मीच दिलं. तिनं ग्लास घेताना माझे हात निरखून बघितले.

शेवटी ताईला राहवेना. "मग आप्पा, काय ठरवायचं?"

"ठरवू की. आमटी झकास झालीय."

"न्हाई, म्हंजी पोरांचं..."

"आधी भारूड व्हऊ द्या." हात धुतले, टोपी घातली आणि देवळाकडं चालू लागले. ताई कपाळाला हात लावून चुलीपाशी बसली. आमची आई म्हणली, नाही तर म्हणले नाहीत ना.

आता देवळामागच्या खोलीत. बाहेर भजन चालू, अजून वेळ आहे. मिशी काढली. आबा पखवाजाला कणीक लावताहेत आणि दिल्याला ओरडताहेत. शीतल मघाशी दारातून मेकपचा डबा आत सरकवून गेली. दिल्या म्हणला हे काय रं, मी म्हणलो तू गप बस.

कनातीच्या फटीतून बघितलं. आप्पा बायकांच्या अंगाला, पहिल्या रांगेत, हातावर हात ठेवून बसलेत. त्यांच्या पलीकडं शीतल आणि तिची आई. आप्पांच्या अलीकडं एक खुर्ची रिकामी. त्यांनी तिच्यावर आपली टोपी ठेवलीय, कुणी बसायला आलं की हात आडवा करतात. ताई आत डोकावली, म्हणती सरपंचासाठी असंल. दिल्या म्हणतो येडी हाय ताई, जावयाची हाय ती.

मला काय वाटतं ते

आबा बोलावतायत