वाढवून ठेवलेलं आयुष्य

१४ नोव्हेंबर

प्रिय दादास,
सप्रेम नमस्कार.

आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचा खोकला कमी आहे. आईचं कपाट ते अजून उघडू देत नाहीत, पण तिचा चष्मा रोज पुसून पुन्हा खिडकीत ठेवतात. तुझ्याकडे थंडी सुरू झाली असेल.

तू सुचवलेली विद्यापीठं पाहिली. कामातून वेळ काढलास, बरं वाटलं. माझे गुण बघून तू ती निवडलीस हे कळलं. पहिली दोन वर्षं वर, तिसऱ्या वर्षी संख्याशास्त्रात नापास, मग पुन्हा जरा वर. असल्या गुणपत्रिकेबद्दल फार न विचारणारं एखादं लहान विद्यापीठ बरं, असं तू लिहिलंस. मी प्रत्येक ठिकाणी काय शिकवतात ते वाचून काढलं. श्रवणशास्त्र म्हणून एका ठिकाणी कानयंत्रं विकायला शिकवतात, दुसरीकडे तो विषय नावापुरता आहे. कारखान्यातल्या आवाजानं कान जातात त्यावर काम करणारा विभाग मला एकच सापडला. तो तुझा आहे आणि नेमका तोच तू सुचवला नव्हतास.

फोनवर विचारलं तेव्हा तू म्हणालास की तिथे माझा निभाव लागायचा नाही, तिसरं वर्ष बघतात. मला वाईट वाटलं, पण पटलंही. म्हणून शेवटी उड्डाणकाकांकडे गेले. तुझा अर्ज त्यांनीच भरून दिला होता, म्हटलं माझाही देतील. माणूस अजून तसाच आहे. बस म्हणायच्या आधी कुठला देश ते विचारतात. परदेशी गेलेल्या मुलांचे फोटो भिंतीवर आहेत, तुझा पंख्याच्या बरोबर समोर, सारखा फडफडतो.

त्यांनी माझी गुणपत्रिका लांब धरून पाहिली. म्हणाले, हे तिसरं वर्ष म्हणजे हसऱ्या तोंडातला पडलेला दात आहे. कारण लिही. चांगलं कारण असलं की पडलेले गुणही उभे राहतात.

मी म्हटलं, कारण आहे. त्या वर्षी आईचे उपचार सुरू झाले, मी दवाखान्याच्या बाकावर बसून अभ्यास करत होते, आणि या मार्चमध्ये ती गेली. काका हळहळले. मग कुठे अर्ज करणार ते विचारलं. तुझ्या विभागाचं नाव सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं. तिथे नको म्हणाले. मला वाटलं, गुणांमुळेच. पण गुणांचं ते बघून घेणार होते. तरी तिथे नकोच. मी उठले नाही. तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं.

"अगं, तिथे तुझी आई कधीच गेलेली आहे. एका घरात आई दोनदा कशी जाईल?"

पुढचं त्यांनी काही लपवावं असं न वाटता सांगितलं. तुझेही दोन विषय राहिले होते, तुलाही कारण हवं होतं. यंत्रमागावर कान गेलेली आई, तेवढं खरंच होतं. तिचं मरण तेवढं वर जोडलंस. तिथल्या प्राध्यापकांना ते फार लागलं आणि त्यांनी तुला स्वतःच्या हाताखाली घेतलं. आजही तू त्यांच्याच हाताखाली आहेस. काका म्हणाले, झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू दे.

आईला माहीत होतं का, एवढंच मी विचारलं. होतं. तू गेल्यावर ती काकांचे आभार मानायला गेली होती, तेव्हा त्यांना राहवलं नाही. ती हसली म्हणे. जिवंतपणी मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं, बरंच झालं, म्हणाली.

दादा, ते वाक्य मी दवाखान्यात कितीदा ऐकलं होतं. डॉक्टर तोंड पाडून बाहेर गेले की ती म्हणायची, "मला काही होत नाही. पोरानं आयुष्य वाढवून ठेवलंय माझं." मला वाटायचं, तू पाठवलेल्या औषधांबद्दल बोलतेय. नर्सलाही तसंच वाटायचं, मुलगा गुणाचा आहे हो तुमचा, असं ती म्हणायची. बाबा अजून येणाऱ्याजाणाऱ्याला आईचं ते वाक्य सांगतात.

तिच्याशी तुझा शेवटचा व्हिडिओ कॉल झाला तेव्हा आवाज येत नव्हता, आठवतं? तू सारखा हॅलो हॅलो करत होतास. तिला आवाज लागतच नव्हता. मागांच्या खडखडाटात तिच्यासारख्या बायका जन्मभर ओठ वाचूनच बोलल्या. रजा मिळत नाही, हे तिनं तुझ्या ओठांवरून वाचलं आणि तू मान वळवलीस. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "मागितलीच नाही त्यानं रजा. मागता यायची नाही त्याला. तू काही बोलू नकोस हां." मला ते तापातलं बोलणं वाटलं.

रजेसाठी मामा गेला असं सांगायचं होतंस. बाबा आजारी आहेत म्हणायचं होतंस. एवढं मोठं खोटं पचवलेल्या माणसाला एक लहानसं जड का गेलं, याचा मी पुष्कळ विचार केला. प्राध्यापकांनी आपुलकीनं खांद्यावर हात ठेवून घरचं काही विचारलं असतं, तर तुला तोंड उघडावं लागलं असतं. तेवढ्याला भिऊन तू आला नाहीस, असं मी समजते. चुकत असेन तर कळव.

काकांनी मलाही तोड सुचवली. कावीळ लिही म्हणाले, काविळीनं कुणाचं वाकडं होत नाही. घरी येऊन मी लिहिलीही कावीळ. तुला आणि मला, दोघांना सोयीची होती. शेजारी बाबा चष्मा पुसत होते. काय लिहितेस, त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. मग ते फाडलं.

अर्ज मी तुझ्याच विभागात करतेय. तिसऱ्या वर्षाचं कारण खरं आहे तेच लिहिलंय. आई मागावर होती, तिचे कान गेले, ती आजारी पडली आणि या मार्चमध्ये मी जवळ असताना गेली. तुझ्याबद्दल एक अक्षर नाही. पण आडनाव एक, गाव एक, आणि अशा आईची गोष्ट तुझे प्राध्यापक विसरले नसतील. मला घेतीलच असं नाही, संख्याशास्त्रात मी तिथेही नापासच. वाचतील मात्र नक्की.

आई बोलू नकोस म्हणाली होती. तेव्हा मला काही कळलंच नव्हतं म्हणून पाळता आलं. आता पाळवत नाही.

मुदत संपत आली की मी अर्ज पाठवीन, त्याआधी नाही. तोवर तू प्राध्यापकांच्या खोलीत जाऊन स्वतः सांग. सांगताना मान वळवू नकोस. बाबांना मी सांगणार नाही, तेही तूच सांगायचं आहेस. आईचा चष्मा पुसून झाला की ते अजून म्हणतात, रजा मिळाली असती तर आला असता बिचारा.

काकांच्या मते आपली आई दोनदा गेली. पहिल्या वेळी तू रडलास, निदान कागदावर. दुसऱ्या वेळचं तुझ्याकडे बाकी आहे.

कळावे. लोभाचं तू ठरव.

तुझी
धाकटी