पंचविसावी फेरी

सांगोला,
१२ जानेवारी १९७५

चि. सिदू,
आशीर्वाद.

मी बरा आहे. शाळेला नवा फळा आला. तू मेंढरं घेऊन भीमेकाठी आहेस, म्हणून पत्र ईरप्पाच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतोय. तिकडं चारा बरा आहे ना?

मला चाऱ्याचं विचारायचं नाही, तरी विचारतोय. मास्तरकीची खोड, दुसरं काय! मुद्द्यावर यायच्या आधी हजेरी घ्यायची.

परवा तुझी आई तिकडून इथं बाजाराला आली होती, तेव्हा भेटली. "मास्तर, सिदू आता पळत न्हाय," मायाक्का म्हणाली. "मेंढरं कोंडताना मोजत बी न्हाय. म्हनतो, आये, तूच मोज, मला मोजता येत न्हाय." वर मलाच म्हणते, "तुमी लई केलं की त्याच्यासाठी. त्याच्याच नशिबात न्हवतं." जाताना माझ्या पिशवीत शेरभर मटकी ओतली. ती तशीच पडून आहे. कोणत्या तोंडानं खाऊ?

सोलापूरला मी तुझी शर्यत बघायलाच आलो होतो. उतरलो रामहरीकडं, सात रस्त्याजवळ. आम्ही एका बाकावरचे. तो आता कचेरीत मोठा माणूस. राज्याच्या मैदानी स्पर्धेत त्याची उठबस. "ज्ञानबा, फेऱ्या मोजायला एक माणूस कमी पडतोय. बसतोस का?" मी हुरळलो. त्याचा इस्त्रीचा शर्ट घातला, छातीवर 'पंच' लिहिलेला बिल्ला लावला आणि ऐटीत खुर्चीवर बसलो. दहा हजार मीटर, पंचवीस फेऱ्या. तू दुसरा चालला होतास. पहिल्या दोघांना देशाच्या स्पर्धेला पाठवणार होते.

एकोणिसाव्या फेरीला रामहरीची बायको, मथुरावहिनी, थर्मास घेऊन आल्या. "भाऊजी, बिल्ला शोभतो हो तुम्हाला!" मी चहा बशीत ओतला, बिल्ला सरळ केला आणि कागदावर तुझ्या नावापुढं एक रेघ जादा मारली.

म्हणून तुझ्या तेवीस फेऱ्या झाल्यावरच मी ओरडलो, "सिदू, शेवटची!" तू माझ्याकडं एकदा बघितलंस. तुझ्या हिशेबात अजून दोन होत्या, हो ना? पण मास्तर सांगतात म्हटल्यावर तू जीव खाऊन पळालास, सगळ्यांच्या पुढं रेषेवर आलास आणि गवतावर पडलास. बाकीचे पळतच राहिले.

मोठे पंच धावत आले. "याची एक फेरी राहिलीय! कुणी थांबवलं याला?"

आता लिहूनच टाकतो. मी म्हणालो, "मी नाही. पोरानंच घाई केली."

तू माझ्या पायाशी पडून ऐकत होतास. धापा टाकत म्हणालास, "व्हय साहेब. माजंच चुकलं." उठून पळालास तेव्हा पाचवा आलास. तोवर मी ती रेघ खोडरबरानं पुसली होती.

गावात पोरं तुला 'चोवीस' म्हणायला लागली. माझ्याच वर्गातली. एकदा त्यांच्याबरोबर मीही हसलो, सिदू. लाज वाटते रे. जो पोरगा दोनशे मेंढरं एका नजरेत मोजायचा, त्याला मी मोजता येत नाही असं पटवून दिलं.

काल मोठ्या पंचांना सगळं लिहून कळवलं. निकाल काही बदलायचा नाही. रामहरी बहुतेक माझ्याशी बोलणं टाकेल. उद्या प्रार्थनेनंतर पोरांसमोर उभा राहून हेच सांगणार आहे.

हे पत्र तुझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखव. तिनं मटकी परत मागितली तर देईन. माफी मात्र मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, तुझा स्वभावच तसला.

तुझं मोजणं बरोबर होतं. आज मेंढरं कोंडताना तूच मोज.

उत्तर धाडलंस तर पाकिटावर 'मास्तर' लिहू नकोस. खाली सही केलीय, तेच नाव घाल. पोस्टमनला सांगून ठेवलंय, या नावाचं पत्र आलं तर ते माझंच.

तुझा,
चोवीस