किल्ली कोणी सांभाळायची?

शनिवार, ५ ऑक्टोबर

आजही वादीच्या काठावरच! माझ्या मैत्रिणी रैया आणि घालिया दरीतल्या डोहांमधून पोहत पोहत पार आतल्या गुहेत जाऊन आल्या, आणि मी इथे दगडावर, किल्ली मुठीत धरून. गाडी माझी, म्हणून किल्ली माझी, म्हणून राखणही माझीच. वा रे न्याय!

परत आल्या त्या ओल्याचिंब, खिदळत. "अगं उम्म हैथम, आत धबधबा आहे धबधबा! आणि वरच्या भोकातून ऊन थेट डोक्यावर!" रैयाला बोलायला दम पुरेना. मी म्हटलं, हो का, छान. त्यांना कॉफी ओतून दिली. माझी मात्र दगडावर ओतून टाकली.

वर्षभर दुखरे गुडघे घेऊन तलावात पोहायला शिकले, ते काय वादीच्या काठावर बसायला?

रविवार, ६ ऑक्टोबर

मुलगा हैथम आणि सून अबीर जेवायला आले होते. मी सहज म्हटलं, मलाही एकदा गुहेपर्यंत जायचंय. झालं! "आई, दुसरी किल्ली बाबांनी मासे पकडताना समुद्रात घालवली. आता ही एकच आहे. भिजली तरी संपली. आणि ही गेली ना, तर गाडी माझ्या दारात उभी राहील. तुला कुठे जायचं तिथे मी सोडेन."

मी सोडेन! त्याचं 'सोडेन' मला ठाऊक आहे. डॉक्टरकडे सोडेल, मावशीकडे सोडेल. वादीवर कोण सोडणार? त्याचा बाप सलीम वारल्यापासून पोराच्या पोटात भीतीने घर केलंय. कळतं मला. पण म्हणून मी उरलेलं आयुष्य दगडावर बसून काढू?

अबीर भात वाढत होती. या सुनेच्या तोंडून त्याच्यासमोर कधी शब्द फुटत नाही.

शनिवार, १२ ऑक्टोबर

घालियाची अक्कल — "चाकावर ठेव की! माझा भाऊ तसंच करतो."

तिच्या भावाची गाडी जुनी. माझी किल्ली अतिशहाणी! ती गाडीजवळ असली की दाराला कोणीही हात लावावा, दार उघडतं. पलीकडच्या काठाला नेणाऱ्या होडीत बसताना हे डोक्यात आलं आणि तशीच धावत मागे. बघते तर दार सताड उघडं, पोरं भोवती जमलेली, आणि मागच्या सीटवर बकरी! आमची भाकरी चघळत माझ्याकडे अशी बघत होती, जशी मीच चोर.

"मावशी, आम्ही नुसता हात लावला!"

किल्ली चाकावर जिथल्या तिथे होती. पुन्हा मुठीत. पुन्हा दगडावर.

शनिवार, १९ ऑक्टोबर

हसू की रडू, कोण जाणे.

मी माझ्या मते फार हुशारी केली. किल्ली प्लास्टिकमध्ये गुंडाळून खजुराच्या डब्यात, अगदी तळाशी. वर खजूर. कोणाला सांगितलं नाही — रैयाच्या तोंडात तीळ भिजत नाही. मस्त पोहले! पहिला डोह पार केला, उताणी पडून आकाश बघितलं. म्हटलं, कॉफी घेऊ, मग आत.

बाहेर येऊन म्हटलं, "खजूर दे गं."

"खजूर? ते दिले ना!" रैया आरामात. "निझवा शहराहून आलेली माणसं चालली होती, बरोबर चार लेकरं. कॉफीला थांबा म्हटलं तर होडी गाठायची म्हणाले. मग काय, रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं? डबाच दिला."

मी अशी किंचाळले की सगळी वादी दणाणली असेल. आणि तिला तरी काय बोलू? मी असते तर मीही तेच केलं असतं!

ओल्या कपड्यांनी त्या दगडांतून धावले. गुडघे आहेत हे विसरले. घालिया मागून ओरडतेय, "पडशील, पडशील!" होडीवाल्याच्या डोक्यावर बसून पलीकडे आले, तर गाड्यांच्या गर्दीत माझी लँड क्रूझर एकटीच भोंगे देतेय आणि एक गृहस्थ किल्ली उंच धरून उभे. "तळाशी किल्ली लागली, बाई. म्हटलं दाबत फिरावं, कोणाची तरी गाडी ओरडेल!"

मी त्यांना इतके आशीर्वाद दिले की ते लाजले. डबा मात्र त्यांनी लगेच दिला नाही. आधी त्यात आपली लिंबं भरली, मग दिला. रिकामा कसा द्यायचा!

रविवार, २० ऑक्टोबर

रैयाने गावभर केलं. हैथमचा फोन: "आई, आता शेवटचं. पुन्हा असं झालं तर मी गाडी घेऊन जाणार." मी हूं म्हटलं.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

गळ्यात अडकवायची पाणबंद पिशवी आणली. आत कागदाचा तुकडा घातला, बादलीत बुडवून वर वरवंटा ठेवला. संध्याकाळी काढली — कागद भिजलेला! मेलं नशीब.

बुधवार, २३ ऑक्टोबर

सापडलं! पिशवीच्या तोंडाशी वाळूचा कण अडकला होता. एवढासा कण, आणि सगळं पाणी आत! तोंड पुसून, बोटाने दाबत दाबत बंद केलं. दिवसभर बादलीत. कागद कोरडा कुरकुरीत! मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

शनिवार, २६ ऑक्टोबर

गेले!!

पिशवी गळ्यात, कपड्यांच्या आत, वरून पिन. पहिला डोह, दुसरा डोह. मग ती फट. दोन कड्यांमध्ये जेमतेम डोकं मावेल एवढी जागा, बाकी सगळं अंग पाण्यात. तिथे मी थांबले. पाय तळाला लागेनात. हात आपोआप किल्लीवर गेला. मागे रैया, पुढे घालिया. "झुवैना, चल!" घालिया ओरडली. उम्म हैथम, हैथमची आई, असं नाही म्हणाली; झुवैना म्हणाली. कित्येक वर्षांनी.

मी मान तिरकी केली आणि शिरले.

आत ऊन पडलं होतं. हिरवं पाणी, आणि वरून धबधबा कोसळतोय, कानठळ्या बसवणारा! मी त्याच्याखाली जाऊन इतकी ओरडले, इतकी ओरडले की घसा बसला. त्या दोघीही ओरडल्या. तीन म्हाताऱ्या, वेड्यासारख्या! सलीमची आठवण आली. तो असता तर काठावर बसून हसला असता, आणि किल्लीही त्यानेच सांभाळली असती. बरंच झालं मी सांभाळली.

परत येऊन बटण दाबलं. गाडीने डोळे मिचकावले. आज कॉफी काय गोड लागली!

सोमवार, २८ ऑक्टोबर

दुपारी अबीर एकटीच आली. बसलीही नाही. माझ्या हातावर किल्ली ठेवली. माझ्याच गाडीची, कोरी करकरीत.

"बाबा गेले त्याच महिन्यात ह्यांनी करून घेतली. कपाटात असते. म्हणतात, आईला दोन दिल्या तर ती कुठे थांबायचीच नाही."

डोक्यात अशी तिडीक गेली! फोन उचलला. मग तिच्याकडे बघितलं. सारखी दाराकडे बघत होती, पण उभी होती.

"पोहता येतं?"

"नाही, आई."

"उद्या सकाळी तलावावर. गाडी तू चालवायचीस." आणि ती किल्ली तिलाच देऊन टाकली.