दर्याचा पाट

सातपाटी, २१ जुलै २०२५

चि. मेहुल यास आशीर्वाद, पण थोडे हातचे राखून.

काल रविवारी, २० जुलैला, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी तुझ्यासाठी सुक्या बोंबलाची चटणी डब्यात भरत होते आणि तू माझ्या अंगणातला शिंपल्यांचा दगड गाडीत भरत होतास. वर जागा झाकायला कुंडी ठेवलीस! कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगत, न विचारता नेलं की ती चोरी. तुमच्या कॉलेजात त्याला नमुना म्हणतात वाटतं.

नऊ ऑगस्टला नारळी पुनव. आपल्या घरचा नारळ आधी त्या दगडावर टेकतो, मगच समुद्रावर जातो. तुझी आजी म्हणायची, दर्या आपल्या अंगणात बसून गेला हाय, ह्यो त्याचा पाट. शेजारची तानी म्हणते, यंदा मिक्सरच्या खोक्यावर टेकवा. माझा जीव जळतोय आणि ती हसतेय.

चटणी तुला तिखट लागो.

तुझी काकू,
चंद्रकांता


पुणे, २६ जुलै

ती. काकूस मेहुलचा कान पकडून नमस्कार.

चटणी संपली, खोलीतल्या नीलेशने डबासुद्धा चाटला. काकू, आजी खरं तेच बोलत होती! वीस हजार वर्षांपूर्वी जगाचं खूपसं पाणी बर्फ होऊन अडकलं होतं, तेव्हा समुद्र शंभराहून जास्त किलोमीटर पश्चिमेला हटला होता. मासे घरी पोचेपर्यंत नासलेच असते. मग बर्फ वितळलं, पाणी चढत आलं आणि सहाएक हजार वर्षांपूर्वी थेट आपल्या अंगणात. तिथेच शिंपले घट्ट चिकटून हा दगड झाला. आता पुन्हा बर्फ वितळतंय, समुद्र पुन्हा चढतोय.

आमचे सर नाचायचेच बाकी आहेत. वय काढायला आठ ऑगस्टच्या दुपारी दगड मधोमध कापणार आहेत. रागावू नकोस ना.

तुझाच,
मेहुल


सातपाटी, ३० जुलै

चि. मेहुल यास आशीर्वाद, या वेळी पूर्ण.

तुझं पत्र तानीला मोठ्याने वाचून दाखवलं. शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या सासूने तुझ्या सरांच्या आधी सगळं सांगून ठेवलं होतं! आम्ही इतक्या हसलो की कालवण करपलं.

पण कापणार? सरांना सांग, बुडाची एक कपची घ्या, बुडाला कोणी कधी हळदकुंकू लावलेलं नाही. समुद्र परत येतोय असं तूच लिहितोस. मग तो दारात आला की बसायला काय, प्लास्टिकची खुर्ची देऊ?

दगड अखंड घेऊन कधी येतोस, ते लेखी कळव. गुरुवारी, सात ऑगस्टला, संध्याकाळी पाचच्या आत पत्र हाती पडलं नाही, तर शुक्रवारी पहाटेच मी आणि तानी नारळ घेऊन निघू, करवतीच्या आधी पोचू आणि तुझ्या सरांसमोर त्या पाटावर ठाण मांडून बसू. तानीने लुगडं इस्त्रीला टाकलंय. तेव्हा उत्तर, पाचच्या आत.

काकू